सासऱ्यांची सायकल आणि माझी मोटार

माझ्या सासऱ्यांनी अकरा वर्षांत मला एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही, आणि माझं एकही ऐकलेलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी कशा जमतात हे ज्याला बघायचं असेल, त्याने त्यांना काहीतरी सुचवून बघावं. "बाबा, हा दरवाजा खाली घासतोय. थोडा तासून घेऊ या का?" "तुम्ही म्हणताय म्हणजे घासत असणार," असं ते म्हणतील, मान डोलावतील, मला बसायला घरातली एकुलती एक धड खुर्ची पुढे करतील, आणि दरवाजा पुढची सहा वर्षं तसाच घासत राहील. भांडायचं तर समोरच्याने निदान विरोध तरी करायला हवा. हा माणूस तेवढीही मेहेरबानी करत नाही.

ते धारवाले आहेत. सुऱ्या, कात्र्या, न्हाव्यांचे वस्तरे, सुतारांच्या पटाशा, जे म्हणाल त्याला सायकलवरून दारोदार फिरून धार लावून देतात. वय अडुसष्ट. सायकल काळी, लोखंडी आणि इतकी जड की भिंतीला टेकवली तर भिंतीची काळजी वाटते. तिचं मागचं स्टँड रुंद आहे. ते लावलं की मागचं चाक जमिनीवरून उचललं जातं. चाकाला जोडलेल्या मोठ्या कप्पीवरून एक पट्टा पुढे येतो आणि हँडलच्या अलीकडे बसवलेला गोल दगड फिरवतो. सासरे सीटवर बसून पेडल मारतात, दगड फिरतो, वर टांगलेल्या डब्यातून दगडावर थेंब थेंब पाणी पडतं आणि ते त्यावर पातं धरतात. म्हणजे गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत जायचं तेही पायांनी आणि दारात पोचल्यावर काम करायचं तेही पायांनी. असं चव्वेचाळीस वर्षं चाललं होतं. आठवड्याचा प्रत्येक वार एकेका वस्तीचा. गुरुवार चढावरच्या वस्तीचा, आणि तो चढ असा आहे की मी मोकळ्या हातांनी चालत गेलो तरी मध्ये एकदा उभा राहून चपलेत खडा गेल्याचं नाटक करतो.

माझं दुकान मोटार वाइंडिंगचं. पंप, पंखे, मिक्सर, जे जे जळतं ते माझ्याकडे येतं. मी जुनी काळी पडलेली तार उपसून काढतो आणि नवी गुंडाळतो. या धंद्यात एक गोष्ट पक्की शिकलो. जाळणारा माणूस कधी कबूल करत नाही. "आपोआप बंद पडलं हो," असं प्रत्येक जण सांगतो. मग मी मोटार उघडतो, वास घेतो, तारेचा रंग बघतो आणि म्हणतो, "टाकीत पाणी नसताना चार तास पंप चालू होता." गिऱ्हाईक खाली बघायला लागतं. मला त्या क्षणाचं फार समाधान मिळायचं, हे आता सांगायला लाज वाटते, पण मिळायचं.

काही महिन्यांपूर्वी सासऱ्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडावर धरला आणि म्हणाले, "हे गुडघे नव्वद वर्षांच्या माणसाचे आहेत." सासरे म्हणाले, "तुम्ही म्हणताय म्हणजे असतील," आणि दुसऱ्या दिवशी गुरुवार होता म्हणून चढावर गेले. परत आले ते सायकलला धरून, ते सायकल ढकलतायत की सायकल त्यांना ढकलतेय ते कळत नव्हतं. माझी बायको म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिने दारातच गाठलं.

"बाबा, पुरे झालं आता. घरी बसा."

"बसतो की," सासरे म्हणाले, आणि शुक्रवारी पुन्हा निघाले.

त्या आठवड्यात बायकोने माझं डोकं खाल्लं. मी म्हटलं, सोपं आहे. मागच्या चाकात मोटार बसवू, बॅटरी लावू, चढ आपोआप चढेल. मोटारींमध्ये माझा जन्म गेला आहे, एवढं तर मला येतंच. बायको तयार झाली, पण एका अटीवर, आणि ती अट तिने वडिलांसमोर बोट नाचवून सांगितली. "एक तक्रार. कुठे पडलात, कुणाला धडकलात, कुणाचं काम बिघडवलंत, एक जरी तक्रार माझ्या कानावर आली, तर सायकल विकायची. मग 'बसतो की' चालणार नाही."

"बरं," सासरे म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "ही मोटार पायाचं ऐकेल का?"

मला हसू आलं. "बाबा, मोटार आल्यावर पाय कशाला हवेत? आरामात बसायचं, हँडलची मूठ पिळायची."

"तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असेल."

तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. अकरा वर्षांत मला त्या वाक्याचा अर्थ कळला नव्हता, तो तेव्हाही कळला नाही.

मोटार बसवायला मला दोन महिने लागले, आणि त्यातले दोन दिवस कामाचे होते. बाकी सगळा वेळ होकार ऐकण्यात गेला. बॅटरी मधल्या दांड्याला लावू या का? "लावा की." पण मी गेलो तर त्या जागी तेलाची बाटली बांधलेली. मग मागच्या कॅरियरवर ठेवू? "उत्तम." तिथे औजारांची पेटी, आणि ती पेटी हलवण्याबद्दल बोललं की सासूबाईंना चहाची आठवण व्हायची. जुनी घंटी काढून हॉर्न लावतो म्हटलं तर "छानच होईल" म्हणाले, आणि हॉर्न अजून त्यांच्या कपाटात खोक्यात आहे. माझ्या नाकी नऊ आले. शेवटी एका रविवारी ते दाढी करायला गेले असताना मी सायकल दुकानात उचलून आणली आणि त्यांच्या होकाराची वाट न बघता काम उरकलं.

पहिल्या गुरुवारी मी दुकान बंद ठेवून चढाच्या पायथ्याशी उभा राहिलो. सासऱ्यांनी मूठ पिळली. सायकल निघाली. ते ताठ बसले होते, पाय पेडलवर नुसते टेकवलेले, आणि सायकल त्यांना घेऊन त्या चढावरून अशी गेली की रस्त्याकडेचा फळवाला हातातला माल तसाच धरून बघत राहिला. वर पोचल्यावर त्यांनी मागे वळून बघितलं. इतक्या लांबूनही मला त्यांचे दात दिसले. आपल्या कामावर माणसाने इतकं खूश व्हावं असा दिवस माझ्या आयुष्यात दुसरा नाही.

आणि लगेच पुढच्या आठवड्यात मला कळलं की चढ संपायच्या आधी, पहिल्या गिऱ्हाइकाचं घर दिसायच्या आधी, हा माणूस मोटार बंद करतो आणि धापा टाकत पेडल मारत वस्तीत शिरतो. का, तर "लोकांना वाटायचं, म्हातारा झालो." मी कपाळाला हात लावला. अडुसष्ट वर्षांचा पांढऱ्या केसांचा माणूस, आणि म्हातारा झाल्याची बातमी लोकांपासून लपवतोय.

पण खरा वैताग पुढेच होता. जायचं काम मोटार करत होती, तरी गुडघे सुजतच होते. कारण धार लावायला ते अजूनही पेडलच मारत होते. मूठ पिळली असती तर मोटारीनेच चाक फिरलं असतं, चाकाने दगड. पण नाही. दिवसभर सीटवर बसून पाय चालूच. मी एकदा त्यांच्यासोबत फिरलो. एका कात्रीला पाऊण तास. मध्येच जोरात, मध्येच सावकाश, मध्येच जवळजवळ थांबून, आणि त्या वेळात पातं नुसतं दगडाला टेकवून बसायचं. मला वाटलं हे वयामुळे होतंय, पायातला जोर संपलाय.

"बाबा, मोटारीवर लावा ना धार. त्यासाठीच तर बसवली."

"लावतो की."

"आत्ता लावा. माझ्यासमोर."

त्यांनी मूठ पिळली. दगड फिरला, पण बेताने. मोटारीचा वेग मला कमी वाटला. त्या रविवारी मी दगडाची कप्पी काढून तिच्या जागी लहान कप्पी बसवली. कप्पी लहान झाली की दगड जास्त फेरे घेतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. आता मूठ पिळली की दगड गुणगुणायचा. मला तो आवाज आवडला. चांगल्या मोटारीचा असतो तसा होता.

सासरे थोडा वेळ दगडाकडे बघत राहिले. "जरा जास्त पळतोय का?"

"पळायलाच हवा. वेळ वाचेल, गुडघे वाचतील."

ते काहीतरी बोलायला गेले. मग माझ्याकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे बघितलं, आणि म्हणाले, "तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असेल."

"आणि पेडल मारायचं नाही," बायकोने वरून दम भरला. "नाहीतर हे एवढं करतात त्याचा उपयोग काय?"

तीन आठवडे सगळं सुरळीत होतं, किंवा मला तसं वाटलं. नंतर कळलं की ते फक्त जाड सुऱ्या आणि कोयते घेत होते. बारीक काम "पुढच्या खेपेला" म्हणून टाळत होते. पण टेलरबाईंना टाळता आलं नाही.

या टेलरबाई चढावरच्या वस्तीत राहतात, एका खोलीत मशीन टाकून कपडे शिवतात. त्यांच्याकडे कापड कापायची एक मोठी कात्री आहे, त्यांच्या वडिलांची. वडीलही शिवणकामच करायचे. त्या कात्रीला सासऱ्यांनी त्या वडिलांच्या काळापासून धार लावलेली. दुसऱ्या कुणी तिला हात लावलेला नाही. त्या गुरुवारी बाईंना घाई होती, मोठं काम आलं होतं, "आत्ताच हवी" म्हणाल्या. सासऱ्यांनी मूठ पिळली.

संध्याकाळी ते आले तेव्हा आम्ही त्यांच्याच घरी होतो. त्यांनी सायकल लावली, हातपाय धुतले, फडक्यात गुंडाळलेली कात्री फळीवर ठेवली आणि जेवायला बसल्यावर अगदी साध्या आवाजात सांगितलं, "टेलरबाईंची कात्री गेली. धार जळली. माझी नजर चुकली."

बायकोने हातातला घास ताटात ठेवला. "म्हणजे आता कापणार नाही ती?"

"कापेल, पण टिकणार नाही. काठ मऊ पडलाय. दोन दिवसांत बोथट."

"मग ठरलं होतं ते आठवतंय ना, बाबा?"

"आठवतंय. विका."

इतक्या पटकन 'विका' म्हणणारा माणूस मी पाहिला नव्हता. आणि मी काय केलं? गप्प बसायचं सोडून व्याख्यान दिलं. म्हटलं, बाबा, वय कुणाला चुकलंय, डोळे दाखवून घ्यायला हवे होते, एवढी चांगली मोटार बसवून दिली तर काम तरी सोपं झालं होतं. जाळल्यावर मान्य करायला धैर्य लागतं, तुम्ही मान्य केलंत हे चांगलं झालं, असंही म्हणालो. होय, हे मी म्हणालो. सासूबाई माझ्या ताटाकडे बघत होत्या. सासरे मान डोलावत होते.

सायकल बघायला रविवारी एक जण येणार होता. मोटार माझी, म्हणून ती काढून घ्यायला मी शनिवारी दुपारी त्यांच्या अंगणात गेलो. सासरे घरी नव्हते, बायको त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. सासूबाई आत होत्या. मी पाना काढला आणि काम सुरू करण्याआधी, का कोण जाणे, फळीवरची ती कात्री खाली घेतली.

फडकं सोडलं. पात्याच्या काठावर, टोकापासून मुठीपर्यंत, एक निळसर जांभळी रेघ होती.

जळण्याचे रंग मला कळतात, माझं पोटच त्यावर आहे. तांब्याचे असोत नाहीतर पोलादाचे. हा रंग फार तापल्याचा. पण ती रेघ नजर चुकल्याची नव्हती. नजर चुकली असती तर एखाद्या जागी डाग पडला असता. ही सरळ होती, सारख्या रुंदीची. ज्याने पातं धरलं होतं त्याचा हात जराही हलला नव्हता.

मी पट्ट्यावर हात ठेवला. माझ्या खिशात तार सोलायची सुरी असते. डब्यातलं पाणी चालू केलं, मूठ पिळली, दगड गुणगुणायला लागला आणि माझ्या शर्टावर पाण्याची सरळ रेघ उठली. पाणी दगडावर थांबतच नव्हतं. पडलं की उडत होतं. दगड खाली ठणठणीत कोरडा. मी सुरी टेकवली. मनात पाच मोजेपर्यंत काठ पिवळा पडला, मग तपकिरी, मग निळा. कात्रीवरचाच निळा.

कप्पी मी बदलली होती. कोरडा पंप चालवणाऱ्या इतक्या लोकांना मी आजवर खाली बघायला लावलं, आणि इथे कोरडा दगड मीच चालवून दिला होता. आता कळलं की ते पेडल कधी जोरात, कधी सावकाश का मारत होते. पातळ पात्याला हळू, जाड पात्याला जोरात, तापलं की जवळजवळ थांबून पाणी पिऊ द्यायचं. तो वेग त्यांच्या पायात होता. आणि मी त्यांना पाय कशाला हवेत म्हणून विचारलं होतं.

मी सुरी हातात घेऊन उभा असतानाच ती दोघं आली. बायको बुचकळ्यात पडली होती. "डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. सुईत दोरा ओवून दाखवला बाबांनी. मग असं कसं..."

मी सुरी तिच्यासमोर धरली. "कात्री यांनी नाही जाळली. मी जाळली. दगड मी पळवला, पाणी टिकत नाही त्यावर. हे बघ, आत्ता जाळली."

आणि तेव्हा, अकरा वर्षांत पहिल्यांदा, माझे सासरे माझ्यावर ओरडले. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं दगडाला हात लावायला? सांगून झालं होतं ना माझं? मिटलं होतं ना? कशाला उकरून काढलंत?"

"मिटलं कसं? तुमची सायकल हातची चालली होती!"

"जाऊ दे सायकल!"

"मला तर त्याच संध्याकाळी कळलं होतं," दारातून सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे वळलो. "मग बोलला का नाहीत?"

"अहो, जावयाला कसं बोलायचं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बायकोचा माझ्याआधी झाला होता. "बाबा, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांची सायकल विकायला काढलीत, पण यांना एक शब्द बोलला नाहीत? मी तुम्हाला काय काय बोलले त्या दिवशी!"

"तुझ्यासमोर यांना खाली बघायला लावू?" सासरे म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "एवढं मनापासून केलं होतं त्यांनी. दुकान बंद ठेवून चढाखाली उभे होते. मी वर गेल्यावर टाळ्या वाजवत होते रस्त्यात."

टाळ्या वाजवल्याचं मला आठवत नव्हतं. लाज वाटली, रडू आलं आणि चीड आली, सगळं एकदमच. माझ्या मानासाठी हा माणूस आपलं सगळं देऊन टाकायला निघाला होता, आणि मला तो मान कधीच नको होता. मी काय काचेचा आहे? मी म्हटलं, "बाबा, बस्स. आता बोला. आजपर्यंत माझं जे जे चुकलं ते सगळं सांगा. तुम्ही सांगेपर्यंत मी इथून हलणार नाही."

ते जरा घुटमळले. मग ती एकुलती एक धड खुर्ची, जी नेहमी माझ्यासाठी पुढे यायची, ती त्यांनी स्वतःकडे ओढली आणि तिच्यावर बसले. आणि बोलले. मी आपलं एक-दोन गोष्टी धरून चाललो होतो. पाऊण तास लागला. मुठीचं बटण उलट्या बाजूला आहे. बॅटरी डावीकडे झुकते, सायकल वळताना ओढते. त्या हॉर्नने कुत्री मागे लागतील. तुमच्या घरच्या सुऱ्या तुम्ही स्टीलच्या डब्यात उभ्या कोंबता, मी दर महिन्याला धार लावून देतो आणि दर महिन्याला माझा जीव जळतो. आणि तो दरवाजा! दरवाजा खाली घासत नाही, वरची बिजागरी सैल झाली आहे म्हणून लोंबतो. तुमचं ऐकून तासला असता तर खालून मांजर आत आलं असतं.

"मग बिजागरी का नाही आवळलीत सहा वर्षांत?"

"आवळली असती तर तुम्हाला कळलं असतं ना, तुमचं चुकलं होतं ते."

बायको हसत सुटली आणि मी हात टेकले. रविवारी येणाऱ्या माणसाला तिनेच फोन करून नको म्हणून सांगितलं. अट तुटली हे खरं, ती म्हणाली, पण तोडणारा दुसराच निघाला, आणि त्याला काही विकता येत नाही.

मी जुनी कप्पी परत बसवली. पेडलपाशी एक चकती लावली, पाय फिरले की तिला कळतं, आणि मोटारीचा वेग तिच्याशी जोडला. आता पाय सावकाश फिरले की मोटार सावकाश, जोरात फिरले की जोरात. वेग पायांचा, जोर मोटारीचा. तारांचं काम एका दिवसाचं होतं, पण पंधरा दिवस गेले, कारण आता त्यांना बोलायची सवय लागली होती. मोटार उशिरा उठते. आता लवकर उठते. पाय थांबले तरी एक फेरा जास्त घेते, तेवढ्यात वस्तऱ्याचं वाटोळं होईल. शेवटी त्यांनी मलाच सीटवर बसवलं. "मारा पेडल. दगडाकडे नका बघू, पाण्याकडे बघा. पाणी उडलं की तुमचं चुकलं." माझं सतरा वेळा चुकलं. प्रत्येक वेळी त्यांनी सांगितलं.

मग त्यांनी कात्री घेतली. जळलेला काठ घासून घालवायचा, तोही न तापवता. चार दिवस लागले. दोन्ही पाती जराशी अरुंद झाली, पण ती निळी रेघ गेली. खिळा आवळून त्यांनी कात्री दोनदा उघडमिट केली, आवाज ऐकला, फडक्यात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

"तुम्हीच जा. आणि खरं सांगा."

चढावर मी सायकल नेली नाही, चालत गेलो. चपलेत खडा गेला नाही तरी दोनदा थांबलो. टेलरबाई मशीनवर होत्या. त्यांच्या बाजूला कापायचं कापड चळत लावून पडलेलं होतं आणि हातात एक लहान कात्री होती, बोथट, ते चावल्यासारख्या कापलेल्या काठांवरून दिसत होतं. मी कात्री पुढे केली आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, की सासऱ्यांचा हात चुकला नव्हता, दगडाचा वेग मी वाढवला होता.

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "रेघ सरळ होती. त्यांचा हात कुठे हलतोय? पण ते एवढं ठरवून स्वतःवर घेत होते, म्हटलं घरचं काही असेल."

म्हणजे चढाच्या वर आणि चढाच्या खाली सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते आम्हा दोघा नवरा-बायकोला.

बाईंनी जाड कापडाची घडी पसरली, कात्री टेकवली आणि एका दमात टोकापर्यंत नेली. कापड दोन बाजूंना सरळ पडलं. त्यांनी काठावरून बोट फिरवलं. मग खण ओढला आणि त्यातून तीन कात्र्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. सगळ्या बोथट. दीड महिना खालच्या बाजारातला दुसरा धारवाला दारावरून जात होता, त्याला त्यांनी एकही दिली नव्हती.

"या नेऊ नका. त्यांनाच दाखवायच्या आहेत," त्या म्हणाल्या. "गुरुवारी येतील ना ते?"

मी सासऱ्यांच्या घरी आलो. सासरे अंगणात सायकलच्या चेनला तेल देत होते. त्यांनी वर बघितलं नाही. "काय म्हणाल्या?"

"कापड सरळ पडलं. तीन कात्र्या काढून ठेवल्यात. विचारत होत्या, गुरुवारी येताय का."

त्यांनी तेलाची बाटली दांड्याला बांधली. पट्टा ओढून बघितला. कितीतरी वेळ ते पाठमोरेच वाकून काहीतरी पुसत राहिले, जे पुसून झालेलं होतं. मग एकदम माझ्याकडे वळले, आणि डोळे ओले असले तरी आवाज चांगलाच चढला होता.

"आणि बॅटरी? सकाळी काढून नेलीत चार्ज करतो म्हणून, ती अजून तुमच्या दुकानात तशीच पडलीय ना? बुधवार आहे आज. उद्या मी काय ढकलत नेऊ?"